घटासमोर फिरलेला टर्बो

नमस्कार सगळ्यांला. हितं मी रोज वाचते, लिवायला पहिल्यांदाच बसले. शिक्षन सातवीपर्यंत हाय, मोबाईलवर एका बोटानं टाईप करून राहिले, तवा चुकलं तर समजून घ्या.

आदी एक सांगते... मी लई भित्री बाई हाय. मला भिताडाची भीती वाटते, माळवदाची वाटते, रस्त्यानं जड ट्रक गेला तरी छातीत धडधडतं. पन भुताची, करनीची भीती मला कदीच वाटली न्हाई, कारन माझा त्याच्यावर इस्वासच न्हाई. भूकंप झाला तवा मी एवढीशी व्हते, औसा तालुक्यात माझं माहेर. मला भिताडाखालून काढलं. ज्याच्या अंगावर खरं भिताड पडलंय त्याला झाडावरची हडळ काय करनार? कुनी म्हनलं अमक्याच्या शेतात बाई दिसती, तर मी म्हनायची, दिसू दे, तिच्या डोक्यावर स्लॅब तर न्हाई ना, मग ती सुखी हाय.

पन ही गोष्ट माझ्या डोळ्यासमोर घडली. भर दुपारी. आन् माझ्या सासूबाई साक्षीला हायत, त्यायनी तर घटासमोर बसून बघितलं.

माझं सासर अहमदपूर. मार्केट यार्डाच्या मागं पत्र्याचं घर, पुढं मोठं आंगन. पत्र्याचं घर हाय म्हनूनच मी लग्नाला हाव म्हनले, हसू नका. घरात सासरे म्हंजे मामा, सासूबाई म्हंजे आत्याबाई, आमचे मालक, मी आन् आमची चिमी, तवा ती नुसती रांगायची. मालकाचं नाव बालाजी. ते ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला व्हते.

तर ह्यांनी एक दिवस नांदेडहून गाडी आनली. आनली म्हंजे टेम्पोला टोचन करून, दोरीनं ओढत. जुनी टर्बोवाली डिझेल स्टेशन वॅगन. एका डॉक्टरच्या बंगल्यामागं लिंबाखाली कैक सालं पडलेली. लांबच्या लांब गाडी, मागं डिकी न्हाई, शेवटपर्यंत काचाच काचा. आतून उंदराची घान, सीटमधी लिंबोळ्या. गल्लीतल्या बाया जमल्या. एक म्हनली, "बालाजी, अँब्युलन्स आनलास का रे?" दुसरी म्हनली, "अँब्युलन्स न्हाई गं, पेशंट हाय हा!"

मामा ओट्यावर बसलेले. त्यायनी नुसतं इचारलं, "ह्याला बैल किती लागतेत?"

पन ह्यांच्या डोक्यात वेगळंच व्हतं. तुम्हाला माहीत असंल, लातूरला क्लासला पोरं-पोरी टाकायचं केवढं याड हाय. आमच्या भागातल्या घराघरातलं एकेक लेकरू तितं रूम करून राहतं, डॉक्टर व्हायला. मेसचं जेवन त्यायला गोड लागत न्हाई, मग आया पहाटं उठून भाकरी थापतेत आन् डबा एस्टीच्या कंडक्टरकडं देतेत. तिकडं लेकरू स्टँडवर उभं. एस्टी पंक्चर झाली तर लेकरू उपाशी. डबा बदलला तर एकाचं वरन दुसऱ्याला. हे म्हनले, "शोभा, ही गाडी लांब हाय. मागचं सीट काढलं की दोनशे डबे बसतेत. सकाळी घराघरातून डबे उचलायचे, दुपारच्या आत लातूरला रूमच्या दारात. भाकर गरम." मला तर गानं ऐकल्यावानी वाटलं.

गावातल्या आयांना ह्यांनी शब्द देऊन टाकला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून डबे चालू. आन् मामांनी ह्यांना शब्द दिला, "दसऱ्यापर्यंत फिरली तर गाडी. न्हाई तर भंगारवाला बोलावतो, आन् तू लेकराबाळाला घेऊन बिलोलीला मेव्हन्याच्या इटभट्टीवर जा. बस झाला हा खेळ." मामा बोलले की बोलले. इटभट्टीवर राहायचं म्हंजे कच्च्या इटाचं खोपटं. मला तर तेव्हापासून झोपच लागंना... आजूबाजूला नुसत्या इटा, वर इटा, आन् मधी माझं लेकरू.

म्हनून मी बी हात लावला. दिवसभर ते गॅरेजात, सांजच्याला आन् रईवारी घरी गाडीचं काम. मी बॅटरी धरायची, नट रॉकेलमधी धुवायची, कोनत्या भोकाचा कोनता नट ते जुन्या साडीच्या चिंध्या बांधून ठेवायची. लाल चिंधी म्हंजे इंजिन, पिवळी म्हंजे सायलेन्सर. मागचं सीट काढून ह्यांनी फळ्या मारल्या, फळीला गोल गोल भोकं, म्हंजे डबा हलत न्हाई, वरन सांडत न्हाई. माप माझ्या डब्याचं घेतलं. वरून घालायला मी जुन्या धोतराची जाड वाकळ शिवली, भाकरीची ऊब राहावी म्हनून. खिडक्यांची रबरं बदलली, ब्रेकचं झालं, क्लचचं झालं. इंजिन बी चालू व्हायचं. पन गाडीत दमच न्हाई. काळा धूर आन् नुसतं ढूस ढूस. मार्केट यार्डाचा चढ चढंना, तर लातूर कुटं?

तर त्याचं कारन टर्बो. ज्याला माहीत न्हाई त्याच्यासाठी सांगते, टर्बो म्हंजे लोखंडाची मोठी गोगलगाय असती, नारळाएवढी. तिच्या पोटात पात्याचं चाक. धुराच्या जोरावर ते चाक गरगर फिरतं आन् इंजिनाला हवा कोंबतं. मग गाडी पळती. आमच्या गोगलगायीचं चाक जाम व्हतं. आत तेल जळून जळून त्याचा कोळसा झालेला. ह्यांनी काढून नांदेडला नेला. तितल्या टर्बोवाल्यानं बघितलं, बोटानं ढकललं, मग पक्कडनं ढकललं. म्हनला, "मेला हाय. फेकून द्या, नवा टाका न्हाई तर बिनटर्बोची चालवा." नवा घ्यायची आमची ऐपत नव्हती, आन् बिनटर्बोची चढ चढत नव्हती. ह्यांनी परत आनला. माझ्या परातीत डिझेल वतून बुडवून ठेवला. रोज बोटानं ढकलायचे. मी ढकलायची. मामांनी बी एकदा कुनी बघत न्हाई म्हनून ढकलला, मी बघितलं खिडकीतून. दगूड. जरा सुदिक हलला न्हाई.

असं करता करता खांडेनवमी आली. म्हंजे दसऱ्याचा आदला दिवस. आमच्याकडं त्या दिवशी हत्याराची पूजा. इळा, कुऱ्हाड, पाना, जे काय हाय ते घटासमोर मांडायचं, हळदी-कुंकू लावायचं, आन् दसऱ्याची पूजा होईस्तोवर त्याला हात लावायचा न्हाई. आत्याबाई ह्या बाबतीत लई कडक. सकाळीच आंगनात आल्या.

"बालाजी, पाने दे. हातोडा दे. पक्कड दे."

ह्यांनी सगळं दिलं.

"आन् तो ज्याक?"

"अवो माय, ज्याकवर गाडी उभी हाय."

"मग? एवढी गाडी उचलून धरली त्या बिचाऱ्यानं, त्याला कुंकू न्हाई लावायचं व्हय? सगळ्यात जास्ती मेहनत तर त्याचीच हाय."

झालं. ह्यांनी गाडीखाली इटा रचल्या, मधी एक जुनं लाकडी उखळ घातलं आन् ज्याक काढून पूजेला दिला. टर्बो बी दिला. मी परातीतून काढून पुसला, घटासमोर पाटावर जोंधळे पसरले, त्याच्यावर सगळं मांडलं. मधोमध टर्बो. त्याच्यावर झेंडूचं फूल.

आता कुनी बी शहानं मानूस म्हनंल, हत्यारं पूजेत हायत, आराम कर. पन दसरा उद्यावर आलेला. हे म्हनले, "पाना हातात घेत न्हाई बाबा, नुसता ब्रश घेतो. ब्रश काय हत्यार हाय का?" आन् तारेचा ब्रश घेऊन सायलेन्सरच्या पायपाचा गंज काढायला गाडीखाली शिरले. इटावरच्या गाडीखाली. मला ते बघवंना. मी म्हनले, "अवो, नका ना. इटा हायत." ते आतून म्हनले, "तुला इटा दिसल्या की भूकंप दिसतो. जा, पूजा कर."

ह्याच्यात त्यांची चूक न्हाई. मी महिन्यातून एक-दोनदा तरी "भुई हलली!" म्हनून चिमीला घेऊन बाहेर पळायची. आन् ते ताटावर बसून म्हनायचे, "हलू दे. येताना लोनचं आन."

तर दुपारची येळ. घटाच्या खोलीत मी आन् आत्याबाई. त्यांच्या मांडीवर चिमी. घटाचा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नसतो म्हनून खिडकीला पोतं लावलेलं, पंखा बंद, दार लोटलेलं. उकाडा असा की कपाळाचं कुंकू गळायला लागलं. वाऱ्याची झुळूक न्हाई. मी एका हातात ताट, एका हातात निरंजन, ओवाळून राहिले.

आन् टर्बोवरचं झेंडूचं फूल हललं.

मला वाटलं मलाच चक्कर आली. फूल एका बाजूला सरकलं आन् पडलं. मग आतनं बारीक आवाज... जात्यात पहिली मूठ टाकल्यावर कसा येतो, खर्र खर्र... तसा. मी वाकून बघितलं. चाक फिरून राहिलं व्हतं. हळू. मग जोरात. जोंधळ्याचे दोन-चार दाने आतल्या आत उडायला लागले.

आत्याबाई म्हनल्या, "शोभा! पूजेतल्या वस्तूला हात लावू नको म्हनलं ना!"

मी म्हनले, "आत्याबाई, माझे दोनी हात हितं हायत."

त्यायनी माझे हात बघितले. ताट बघितलं, निरंजन बघितलं. मग टर्बोकडं बघितलं. आन् चिमीला पोटाशी घट्ट धरलं. चिमी तर टाळ्या वाजवून राहिली. मी घटाच्या दिव्याकडं बघितलं, तो आपला सरळ. ज्योत काडीएवढी बी हलंना. माझ्या हातातलं निरंजन बी सरळ. सगळी खोली गपगार आन् मधी ते एकटं चाक गरगर गरगर. आता तर शिट्टी वाजवल्यावानी आवाज काढून राहिलं.

मी ताट तितंच ठेवलं आन् पळाले. आंगनात गेले, गाडीखालून ह्यांचे पाय दिसून राहिले, मी जीव तोडून वरडले, "अवो, टर्बो फिरला! टर्बो फिरून राहिला, बाहेर या!"

मी "भुई हलली" म्हनले असते ना, तर ते हलले नसते. देवाशपथ. लोनचं आन म्हनले असते. पन टर्बो फिरला म्हनल्यावर आतून धाडकन आवाज आला, डोकं आपटलं त्यांचं, आन् "कुटं? कुटं?" करत ते सापावानी सरपटत बाहेर आले. चप्पल बी घातली न्हाई, पळत सुटले घराकडं. उंबऱ्यापाशी पोचले...

आन् मग भुईतून आवाज आला. गुर्रर्रर्र. आमच्या भागातल्या लोकांना माहीत हाय तो आवाज. पायाच्या तळव्याला कळतो आदी. पत्रे थडथड वाजले, न्हानीतली घागर कलंडली, यार्डातली कुत्री एकदम वरडायला लागली. मी तितंच खाली बसले. आन् माझ्या डोळ्यासमोर इटा सरकल्या, उखळ आडवं झालं आन् ती एवढी मोठी गाडी धप्पकन खाली बसली. धुळीचा लोट.

लई मोठा हादरा नव्हता. गावात कुनाचं काई पडलं न्हाई, दोन-चार बरन्या फुटल्या आसतील. पडली ती फकस्त आमची गाडी. सायलेन्सरचा पाईप भुईला चेपला. जितं ह्यांची छाती व्हती तितं तारेचा ब्रश व्हता, त्याचा मुठीपासून तुकडा झाला.

मामा ओट्यावरून उतरले. त्या ब्रशापाशी गेले, वाकून बघत राहिले.

माझी घरात पाऊल टाकायची हिंमत न्हाई. आत्याबाई चिमीला घेऊन बाहेर आल्या. हे एकटे आत गेले. जरा येळानं आतून त्यांचा आवाज, "शोभाऽऽ! अगं ये!" मी उंबऱ्यातून डोकावले. ते पाटासमोर गुडघ्यावर बसलेले. चाक आता थांबत आलेलं, हळू... हळू... थांबलं. त्यायनी करंगळीनं टोचलं, तर परत गरकन फिरलं. भवऱ्यावानी. ह्यांचं कपाळ फुटून रगत आलेलं, डोळ्यातून पानी, आन् हसून राहिले. "मोकळा झाला गं... मोकळा झाला." आत्याबाई दारातून म्हनल्या, "हात काढ त्याच्यावरून! पूजा हाय!" त्या तसल्या येळेला बी!

मग काय, दसऱ्याला सकाळीच पूजा उरकली. आत्याबाईनं स्वतःच्या हातानं ज्याक उचलून दिला. ह्या येळेला गाडी ज्याकवर आन् खाली ट्रॅक्टरच्या चाकाच्या रिंगा, इट एक बी न्हाई, मी उभं राहून बघितलं. चेपलेला पाईप ठोकून सरळ केला. तेलाच्या नळ्या कोळसा काढून साफ, मग टर्बो जाग्यावर बसवला. मी चिंध्या बघून बघून एकेक नट हातात देत गेले, लाल, लाल, पिवळी. गल्लीतल्या बाया आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला आलेल्या, त्या तितंच उभ्या. ज्यायनी पेशंट म्हनलं व्हतं त्या बी.

ह्यांनी चावी फिरवली. पहिला पांढरा धूर आला, मग थोडा काळा, मग धूरच न्हाई. ॲक्सिलेटर दाबला आन् इंजिनातून शिट्टी निघाली, लांबऽऽ, बारीक.

मामा म्हनले, "शिट्टी कोन वाजवून राहिलं?"

हे म्हनले, "टर्बो हाय बाबा."

मामा गाडीपाशी आले, बॉनेटवर सोनं ठेवलं आन् म्हनले, "म्हंजे आता बैल लागत न्हाईत." लई दिवसानं मामा हसले. मी तर पदर तोंडात घालून रडले.

दुसऱ्या दिवशी पहाटंपासून दारात आया. कुनाची ज्वारीची भाकर, कुनाचं पिठलं, कुनी लेकीला धपाटे केलेले. डबे भोकात असे बसले की जसे त्याच्यासाठीच जन्मले. वर वाकळ. मी बी गेले संगं, चिमी मांडीवर, मामा म्हनले मी बी येतो, त्यायला मधी बसवलं. चाकूरच्या अलीकडं चढ लागला तर माझा जीव मुठीत... ह्यांनी गिअर टाकला, शिट्टी वाजली, आन् गाडीनं असा दम मारला की पुढचा उसाचा ट्रक आमच्या मागं! मामा खिडकीतून त्या ट्रकवाल्याला हात करून राहिले, जसे काय मामाच चालवून राहिलेत.

लातूरला क्लासच्या गल्लीत एक पोरगी रूमच्या पायरीवर उभी व्हती, आमच्याच गावची. डबा हातात घेतला, तितंच बसून उघडला, भाकरीवर हात ठेवला. "काकू, गरम हाय..." एवढंच म्हनली. तिची मैत्रीन घास मागून राहिली तर देईना. हसून हसून माझी पुरेवाट.

येताना मागं रिकामे डबे खडखड खडखड वाजून राहिलेले. भांडी अशी वाजली की मी आजवर जितं आसंल तितून पळालेली. त्या दिवशी मी बसून राहिले. हे म्हनले, "बाहेर उडी मारायची आसंल तर सांग, थांबवतो." मी म्हनले, "चालवा गुमान."

आता आमचा डब्याचा धंदा मोप चालतो. पन ते चाक कसं फिरलं?

माझे दीर लातूरला क्लासमधी फिजिक्स शिकवतेत. त्यांला सांगितलं. म्हनले, "वहिनी, सोपं हाय. भूकंपाच्या आदी बारीक लहरी येतेत, आपल्याला कळत न्हाईत. डिझेलनं कोळसा नरम झालेला, लहरीनं चाक सुटलं."

मी म्हनले, "भाऊजी, सुटलं हे मान्य. पन गरगर फिरवलं कुनी? शिट्टी वाजंस्तोवर? आन् लहर आली तर दिव्याची ज्योत कामून हलली न्हाई? फूल पडलं तवा घटापुढच्या तांब्यातल्या पान्यावर एक तरंग न्हाई आला."

भाऊजी म्हनले, "तो वेगळा टॉपिक हाय."

आत्याबाई म्हनतेत देवीनं फिरवलं. आसंल. मामांना इचारलं की ते उठून जातेत. मला काय वाटतं ते मलाच कळत न्हाई. मी अजून बी भुतावर इस्वास ठेवत न्हाई, पन घटाच्या खोलीत एकटी जात न्हाई, चिमीला संगं घेते.

परवा एका टर्बोच्या मिस्त्रीनं गाडीचा आवाज ऐकला. म्हनला, "एवढा जुना टर्बो आन् एवढा साफ चालतो? एकदा उघडून बघू द्या, आत काय हाय ते." ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. दोगं बी संगंच न्हाई म्हनलो.

चालून राहिलाय ना... चालू द्या.